मोहनासाठी लॅपटॉप

३ ऑगस्ट, रविवार

पुन्हा बंद पडला! मोहना शाळेच्या चित्रप्रदर्शनाचं पत्रक करत बसली होती आणि पडद्यावर नुसत्या रेघा. माझ्या लेकाचा, ध्रुवचा लॅपटॉप तो. ध्रुव जाऊन तीन वर्षं झाली. "तो तरी किती पुरणार?" मी बोलून गेले. मग वाटलं, कशाला बोलले. पण मोहना म्हणाली, "खरं आहे, आई. नवा घेऊ या."

सून स्वतःसाठी काहीतरी घ्यायचं म्हणते आहे — किती दिवसांनी!

५ ऑगस्ट, मंगळवार

सौमित्र येऊन गेला. माझा हा भाचा इथे बडोद्यातच, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटर बघतो, म्हणून मुद्दाम बोलावलं. त्याचा पहिलाच प्रश्न — "मावशी, ग्राफिक्स कार्ड वेगळं हवंय का?"

मला वाटलं, हे पोरांच्या गेमचं काहीतरी. पण शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, समजून घेतल्याशिवाय सोडते की काय! पडद्यावर जे जे दिसतं ते काढायची सोय साध्या लॅपटॉपच्या मुख्य चिपमध्येच असते. टायपिंग, सिनेमा, व्हिडिओ कॉल — सगळं त्यात भागतं. वेगळं कार्ड घेतलं की लॅपटॉप जड होतो, तापतो, बॅटरी लवकर उतरते. "मग घेतात कशाला?" तर म्हणाला, "थ्रीडी करणाऱ्यांना लागतं. आख्खी इमारत उभी करायची, तिच्यात ऊन पाडायचं, सावल्या पाडायच्या — ते साध्यावर होतं, पण रडत-रखडत."

"मोहना काय करणार आहे त्याच्यावर?"

मी म्हटलं, शाळेचं काम.

"मग साधा बस झाला. उगाच वजन कशाला!"

६ ऑगस्ट, बुधवार

मोहनालाही तेच विचारलं. "शाळेचंच काम, आई," म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

१० ऑगस्ट, रविवार

आज घरात मिक्सर चालू असल्यासारखा आवाज. बघते तर ध्रुवचा लॅपटॉप घरघरतो आहे आणि मोहनाने टेबलफॅन आणून त्याच्यावर लावलाय! मी डोकावले. सेवासीची वाव, ती जुनी पायऱ्यांची विहीर — पायऱ्या खाली खाली उतरत गेलेल्या, खांबांमधून तिरपं ऊन आत आलेलं. मला फोटोच वाटला.

"फोटो नाही, मी केलंय," म्हणाली.

प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी तिने स्वतः उभी केलेली. लग्नाआधी एका आर्किटेक्टकडे अशीच कामं करायची, फाइन आर्ट्सला शिकली होती — मला माहीत होतं, आणि मी विसरूनही गेले होते. ध्रुव गेल्यावर शाळेची नोकरी धरली ती माझ्यासाठी. सुभानपुऱ्यातली शाळा, घरापासून चालत जाता येते. माझं बी.पी. तेव्हा काही ताळ्यावर नव्हतं.

नाश्ता झाला, जेवणं झाली, चित्र अजून वरून खाली इंच इंच उमटतंय. मी सारखी जाऊन बघत होते. आणि चहाच्या वेळी फट्‌ — बंद! खालच्या पायऱ्या राहिल्याच.

मोहनाने फॅन उचलून जागेवर ठेवला, चहा टाकला. मग म्हणाली, "चालेल. लहान आकारात करून पाठवते."

"कुणाला?"

"आहे एक. असंच."

१३ ऑगस्ट, बुधवार

सौमित्रला फोन करून वावेचं सांगितलं. "अगं मावशी, मग तिला कार्डच हवं! साध्यावर हे काम म्हणजे छळ आहे." आणि वर म्हणतो, "कुठल्या तरी स्टुडिओला दाखवायचं असणार. तशी कामं मुंबईला, नाहीतर हैदराबादला. बडोद्यात क्वचित."

फोन ठेवला आणि बसूनच राहिले. साधा लॅपटॉप म्हणजे शाळा, सुभानपुरा, मी. कार्डवाला म्हणजे... मोहना जाणार.

साधा हलका आहे, बॅटरी टिकते, तापत नाही. त्यानेच सांगितलं होतं ना? मी नुसतं गप्प बसायचं. कुणी विचारणारही नाही मला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कपडे वाळत घालताना गुणगुणत होती ती. गप्प बसणं जमेलसं वाटत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दुकानात गेलो. मोहनाने सरळ साध्याकडेच बोट दाखवलं. दुकानदारही लगेच, "बा, बेन टीचर छे ने? तो आ बस छे." टीचरला हा साधाच पुरे म्हणे.

आणि मी बोलले. "ना भाई, ग्राफिक्स कार्डवाळुं बतावो!"

मोहना चमकली. "आई, कशाला? नको मला."

"त्या वावेच्या पायऱ्या राहिल्यात ना?"

"शाळेत कुठे लागतं ते सगळं?"

"शाळेतच राहायचं असं कुणी सांगितलंय तुला?"

जरा मोठ्यानेच झालं. दुकानदार बिचारा दोन्ही हातांत दोन लॅपटॉप घेऊन उभा! मोहनाचे डोळे भरून आले होते. मग हळूच म्हणाली, "साधाच घेऊ, आई. माझं ऐका."

घेतला साधाच.

आणि खरं लिहू? इतकं बरं वाटलं! माझं बोलूनही झालं आणि ती राहिलीही. घरी आल्याबरोबर शिरा केला.

२० ऑगस्ट, बुधवार

छान आहे लॅपटॉप. पातळ. मांडीवर घेऊन बसते ती, आवाज म्हणून नाही. मलाही शिकवते आहे, काल बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. आज गणपतीची तयारी काढली. या वर्षी मखर मोहना करणार. मोदकाचं पीठ घरीच. दिवाळीत दोघींनी कुठेतरी जाऊन यावं असं मनात आहे, सांगेन तिला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मोहनाला हैदराबादला नोकरी लागली. वावेचं चित्र त्याच स्टुडिओने मागवलं होतं. त्यांचं बोलावणं दुकानात जायच्या आधीच आलेलं, आणि ती नाही कळवणार होती. आईंना एकटं टाकून कशी जाऊ — म्हणून साधा लॅपटॉप!

"पण तुम्ही दुकानात भांडलात ना, आई... त्याच संध्याकाळी मी हो कळवलं."

कार्डवालं मोठं मशीन तिथे ऑफिसातच असतं म्हणे.

"जाऊ ना?"

"जा."

"खरंच?"

"खरंच," म्हटलं. आता ती आत सामान काढते आहे. इथे बसून स्वतःला पुन्हा एकदा विचारून पाहिलं. खरंच.