सातच्या खालच्या पाट्या

४ फेब्रुवारी, सोमवार

सातच्या खाली पाटीच नाही!

बास्केटबॉल संघटनेच्या कपाटातून गेल्या वर्षीची पेटी काढली. डंक स्पर्धेत परीक्षक गुणांच्या ज्या पाट्या वर धरतात, त्यांची पेटी. सात, आठ, नऊ, दहा. बस्स. दहाच्या पाट्यांच्या तर कडा झिजून गेल्यात. एक ते सहा कुठे गेल्या म्हणून शिपाईकाकांना विचारलं. पाच त्यांनी दाखवली — सेक्रेटरींच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घडी करून बसवली आहे. तीनवर ते कचरा भरतात. बाकीच्या कधी लागल्याच नाहीत म्हणे.

यातच सगळं आलं. एकेक खेळाडू वर्षभर घाम गाळतो, उंच उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्याची एखादी नवी, अवघड तऱ्हा बसवतो — आणि समोर बसलेले तिघे सात ते दहा वाटून मोकळे होतात. आंधळं दळतंय!

यंदा पहिल्या येणाऱ्याला वीज कंपनीच्या संघात जागा आहे. म्हणजे पक्की नोकरी. एका माणसाचं आयुष्य आणि वर धरायला झिजलेली पाटी!

कल्पकता आणि काठिण्य कसं मोजायचं याचे नियम लिहायचं काम सेक्रेटरींनी मला दिलं. "तू शिकलेली आहेस, तूच बघ." म्हणजे त्यांना बघायचं नाही. चालेल. मी बघते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

गेल्या वर्षीचं चित्रण पाहिलं. विजेता डोळ्यांना फडकं बांधून आला होता. फडकं इतकं पातळ की त्यातून त्याच्या भुवया दिसतात! रिंगपाशी नेमका थांबला, नेमकी उडी घेतली. तिन्ही परीक्षक उभे राहिले. दहा, दहा, दहा.

आणखी एक गोष्ट पकडली. माजी कप्तान पाटी उचलेपर्यंत दुसरा कोणी उचलतच नाही. मालिकेतला नट डावीकडे बघतो, मोटारसायकलच्या शोरूमचे मालक उजवीकडे बघतात, मध्ये कप्तान. ते उचलतील ती पूर्व दिशा. शाळेत आम्ही कॉपी करताना इतकं उघड बघत नव्हतो.

तिघेही यंदा आहेतच. चौथ्या म्हणून एक माजी महिला खेळाडू येणार आहेत. त्यांच्याकडून आशा.

७ फेब्रुवारी, गुरुवार

कप्तान ऑफिसात आले होते. गुण कशावरून देता, असं सरळच विचारलं. त्यांनी बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"इथे काटा आला की दहा. नाही आला की सात."

काट्याचं मोजमाप! हिवाळ्यात स्पर्धा ठेवली तर सगळेच पहिले येतील. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "सर, नियम लेखी हवेत." ते हसले. चहा अर्धा ठेवून गेले.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

नियम तयार होत आलेत. काठिण्यासाठी: किती लांबून झेप घेतली, खेळाडूची उंची किती (बुटक्याला जास्त गुण, न्यायच आहे तो), चेंडू कुठून कुठे फिरला, कितव्या प्रयत्नात जमलं. कल्पकतेसाठी एकच प्रश्न — ही उडी आधी कोणी मारली आहे का? मारली असेल तर ती नक्कल. नक्कल म्हणजे एक गुण. फक्त एक.

यासाठी मी झालेल्या उड्यांची वही केली आहे. मोबाइलवर सापडेल ती चित्रफीत बघते आणि नोंद करते. बाबा रात्रपाळीचे पहारेकरी, ते दिवसा झोपतात आणि आमची खोली एकच. म्हणून आवाज बंद करून, खिडकीशी बसून बघायचं. आज दोनशेचा आकडा ओलांडला.

नोंद २०७ मात्र लिहून ठेवावीशी वाटते. शाळेचं मैदान, जाळी नसलेली रिंग. सहा वर्षांपूर्वीची चित्रफीत. ज्याने कोणी मोबाइल धरलाय त्याचा हात इतका हलतो की मुलाचा चेहरा म्हणजे नुसता डाग. मुलगा रिंगकडे पाठ करून उभा राहतो. चेंडू स्वतःच्या दोन पायांच्या मधोमध जोरात आपटतो, तो डोक्यामागे उंच उडतो, हा गर्रकन वळतो आणि हवेतच डाव्या हाताने उचलून आत! कुठलं सोंग नाही, फडकं नाही, मोटारसायकल नाही. एकेचाळीस वेळा पाहिली गेली आहे. त्यात मीच बरीचशी असणार. आज सारखी तीच लावत होते.

असं काही कोणी आपल्या स्पर्धेत करेल का? नावच नको.

१० फेब्रुवारी, रविवार

कमी गुणांच्या पाट्या घरीच केल्या. पुठ्ठा, काळा रंग, आईची कापड कापायची कात्री (ओरडा खाल्ला). एक ते सहा. एकचा आकडा सगळ्यात देखणा जमला.

आईने शिलाई मशीन थांबवून बघितलं. "हा कोणाला द्यायचा?"

"नक्कल करणाऱ्याला."

"एवढा छान काढलास," ती म्हणाली, "आता वापरल्याशिवाय राहवणार नाही तुला."

आईला कसं सांगू? कॉलेजात माझा प्रकल्प जशाच्या तसा उतरवून एका मुलीने माझ्यापेक्षा दोन गुण जास्त घेतले, तेव्हा ही पाटी कोणाकडे असती तर! सर म्हणाले होते, तिचं अक्षर बरं आहे.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसची लिफ्ट बंद. दुरुस्त करायला जो आला तो स्पर्धकच निघाला! यादीत त्याचं नाव वेगळं आहे, पण त्याच्या दुकानात, मैदानावर, सगळीकडे त्याला नाकतोडा म्हणतात. दिसतोही तसाच — सगळे पायच. उंची माझ्याहून चार बोटं जास्त, त्याहून नाही.

हाताचं ग्रीस पुसत त्याने विचारलं, "मॅडम, उंची कमी असली तर गुण जास्त, हे खरं का?"

खरं आहे म्हटलं.

"मग आईला सांगतो. जन्मभर म्हणतेय, तुझी उंची वाढवायची राहिली माझ्याकडून."

नोकरीची त्याला फार गरज दिसते. दुकानाचा मालक दिवस भरले तर पैसे देतो, आणि सरावाला गेलं की दिवस बुडतो. पण गरजेला गुण नाहीत. हेच तर या लोकांना शिकवायचं आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

नियम मंजूर! न वाचताच मंजूर केले, ते सोडा. ऑफिसच्या आणि सभागृहाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लावले आहेत. कप्तानांची वाट बघत बसायला नको म्हणून पाट्या उपड्या ठेवायच्या आणि शिटी झाली की चौघांनी एकदम उचलायच्या. आणि नियम क्रमांक नऊ, जाड अक्षरात: एकदा दिलेला गुण कोणालाही, कोणत्याही कारणाने बदलता येणार नाही. शोरूमवाल्यांचा फोन येतो आणि सकाळचे गुण संध्याकाळी वाढतात, असं शिपाईकाकांनी सांगितलं होतं. आता वाढवा म्हणावं!

१६ फेब्रुवारी, शनिवार

चौथ्या परीक्षक येऊ शकत नाहीत. सेक्रेटरींनी डोकं खाजवलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "तूच बस की."

घरी सांगितलं. बाबा आज पाळीवर जाण्याआधी अर्धा तास दारात उभे राहिले, येईल-जाईल त्याला सांगायला. "आजवर आपल्याला सगळे मार्क देत आले. आता आपल्या घरचं माणूस देणार."

मी पाट्या पुन्हा एकदा पुसून ठेवल्या.

१७ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. सगळं लिहिते.

पहिल्या फेऱ्या तर नुसता तमाशा. एकजण भावाच्या खांद्यावर चढून गेला. ती उडी नव्हे, गिर्यारोहण. एकाने तीनदा चुकवली, चौथ्यांदा रिंगला लोंबकळला आणि छातीवर हात मारला. नटाने मला हळूच विचारलं, "हा दोन हातांनी टाकतो ते जास्त अवघड ना? कामही दुप्पट." माझ्या पाट्या बोलत होत्या: तीन, चार, दोन. लोकांनी हुर्यो केली. करा!

शेवटच्या फेरीत दोघे उरले. खांब आणि नाकतोडा.

खांब साडेसहा फुटांचा. तो काय करणार? मोटारसायकलवरून उडी! मोटारसायकल शोरूमची, बसलेला माणूस शोरूमचा, आणि उडीच्या वेळी त्याने मान इतकी खाली घातली की टाकीवरच टेकवली. रांगणाऱ्या मुलानेही ओलांडलं असतं. मालकांनी दहा-दहा. नटाने दहा-दहा. कप्तानांनी सात-सात, हे मात्र नवल. मी कल्पकतेला तीन, काठिण्याला सहा.

मग नाकतोडा आला. मधोमध उभा राहिला. रिंगकडे पाठ केली.

मी त्याच क्षणी ओळखलं. चेंडू दोन पायांच्या मध्ये आपटला, डोक्यामागे उडाला, हा गर्रकन वळला, डाव्या हाताने — आत! डावा हातसुद्धा तोच! नक्कल करणाऱ्याने निदान हात तरी बदलावा!

सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. कप्तानांनी बाही वर करून हात माझ्यापुढे धरला. काटा. मी माझी वही त्यांच्यापुढे धरली. नोंद २०७. शिटी झाली. काठिण्य नऊ — ते मी प्रामाणिकपणे दिलं. कल्पकता एक. कप्तानांचे दहा-दहा, नटाचे आठ-आठ, मालकांचे आठ-सात.

खांब दोन गुणांनी जिंकला. म्हणजे माझ्या एका पाटीमुळे. मोटारसायकलवाला जिंकला याचं वाईट वाटतं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. एकाने सोंग केलं म्हणून दुसऱ्याची चोरी माफ होत नाही.

नंतर नाकतोडा टेबलापाशी आला. आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, एक का?"

"ही उडी आधी झालेली आहे. मी पाहिली आहे."

"तुम्ही पाहिलीत? कुठे?"

"मोबाइलवर. शाळेचं मैदान, जाळी नसलेली रिंग."

मला वाटलं मान खाली जाईल. तर चेहरा फुलला त्याचा! "आवडली का?" म्हणाला. निर्लज्जपणालाही काही सीमा असते. मी सांगितलं, मूळ उडी अप्रतिम आहे, म्हणून तर नक्कल खपवून घेत नाही.

तो काहीतरी बोलणार होता. मग भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं. "तो नऊ नंबरचा नियम... बदलता येत नाही ना?"

"नाही."

"मग राहू द्या," म्हणाला. हसला आणि पिशवी खांद्याला लावून गेला. दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसाची पाण्याची बाटली टेबलावरच विसरला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

बाबांनी गल्लीत सांगितलं, आमच्या मुलीने भल्याभल्यांना एक मार्क दिला. भलेभले कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

खांब नोकरीवर रुजू झाला. ऑफिसात येऊन सगळ्यांच्या हातावर साखर ठेवून गेला. त्याला विचारलं, मोटारसायकलची कल्पना कोणाची? "शोरूमची," म्हणाला. प्रामाणिक तरी आहे!

कप्तान मात्र ऐकत नाहीत. दोन फोन झाले. "ती मूळ उडी मला दाखवा. मी चाळीस वर्षं खेळ बघतोय, ही आधी कुठे पाहिली नाही." चाळीस वर्षं काटे मोजण्यात गेली, दिसणार कुठून? उद्या या म्हटलं. मोठ्या टीव्हीवर दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

बाटली अजून माझ्या टेबलावर आहे. न्यायला आला नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसच्या टीव्हीवर लावली. टीव्हीचा आवाज चालू होता. घरी मी ती कधीच आवाजासकट ऐकली नव्हती.

उडीच्या आधी, मोबाइल धरलेली बाई हसत हसत बोलते — "थांब रे नाकतोड्या, मघाशी चालूच झाला नव्हता हा! आता मार परत. आईसाठी एकदा."

कप्तानांनी बाही वर केली नाही. एवढंच म्हणाले, "आता?"

मी खुर्ची भिंतीपाशी ओढली, वर चढले आणि माझ्या अक्षरातला तो कागद काढायला लागले. चारही कोपरे मीच घट्ट चिकटवले होते. निघता निघेना.