एकच साडी दोनदा

दादा, दुपारचं जेवण उरकून आई झोपली आहे आणि मी लेकीच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. माझ्या शाळेत तेलुगू आणि इंग्रजीच होतं. माझं मराठी म्हणजे रविवारी सकाळी काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर तुम्ही पाटीवर गिरवून घेतलं तेवढंच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं पाहू नका.

तुम्हाला ती लाल सायकल आठवते का? मी आठवीत होते. कोठीच्या बाजारातल्या दुकानात ती दारापाशीच उभी असायची. तुम्ही पार्सल ऑफिसातून पगार घेऊन आलात की आपण बापलेक चालत तिथे जायचो, नुसती बघायला. दुकानदार चाचा तुम्हाला चांगले ओळखू लागले होते. एकदा ते म्हणाले, "बाबूजी, लेके जाव ना. बच्ची का दिल लगा है. पैसे आते रहते." तुम्ही हसून म्हणालात, "नक्को चाचा. जिस दिन पूरे हुए उसी दिन लेके जाते." मी रस्ताभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही तिखटमीठ लावलेला पेरू घेतलात, तोही मी हातात घेतला नाही. तेव्हा तुम्ही एकदाच रागावलात, "पाय आपले, रस्ता आपला. रुसायचं काय त्यात?" अकरा महिन्यांनी सायकल घरी आली, आणि आल्या दिवशी तुम्हीच आधी एक फेरी मारलीत. मला अजून दिसतं, आई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसते आहे, तुमचा शर्ट वाऱ्याने फुगला आहे, आणि मी मागे पळते आहे.

तुमच्या पश्चात माझं काय झालं ते सांगते. क्रेडिट कार्ड मला ऑफिसातच मिळालं होतं, टेबलापाशी येऊन बँकेच्या एकाने सही घेतली होती. पुढे त्याची तीन झाली. मी कुठे जुगार खेळले नाही की दागिने घेतले नाहीत. लंच टाइममध्ये मोबाइल उघडायचा, काहीतरी आवडायचं, बोट लावलं की चार दिवसांत हजर. पडदे, चपला, फिल्टर, लेकीला नको असलेली गिटार. दर महिन्याला बँक म्हणायची, सगळं नका भरू, एवढंसं भरलं तरी चालेल, आणि मला ते फार माणुसकीचं वाटायचं. पुढे पुढे एका कार्डावर पैसे उचलून दुसऱ्याचं बिल भरू लागले. तुमच्या जावयांना यातलं काही ठाऊक नव्हतं. खोकी मी ऑफिसात मागवायचे आणि वस्तू पर्समधून घरी आणायचे, मोठी असली तर सेलमध्ये मिळाली म्हणून सांगायचे.

एका रविवारी सकाळी लेक माझं कपाट आवरत होती. तिने हिरव्या काठाची एक साडी बाहेर काढली, पाकिटातली, न उघडलेली. मग तिच्याखालून दुसरी काढली. "मम्मी, हे सेम टू सेम आहे ना?" खरंच तशीच होती. तोच रंग, तीच बुट्टी. पहिली घेतल्याचं मी विसरून गेले होते. मला आधी हसू आलं. हसता हसता मी पलंगावर बसले आणि रडायला लागले, तशी लेक घाबरून वडिलांना हाका मारू लागली.

मी सगळं सांगितलं. तिन्ही कार्डं पलंगावर ठेवली, आकडा सांगितला. ते उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता भांडण होणार. ते परत आले आणि त्यांनी चौथं कार्ड माझ्या तिन्हींशेजारी ठेवलं. म्हणाले, "हे माझं. कॅमेऱ्याची लेन्स घेतली होती. दीड वर्ष झालं, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे." लेकीने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या मोबाइल रिचार्जवर लेक्चर देता." दादा, त्या दिवशी आम्ही तिघं इतके हसलो की बाहेरच्या खोलीतून आई विचारू लागली, "काय झालं गं, कोण आलंय?" कार्डं लेकीनेच कापली, आईच्या शिवणाच्या कात्रीने.

मग कार विकली. मी मियापूरहून मेट्रोने जाऊ लागले. डबा घरचा. मोबाइलवरची दुकानं काढून टाकली, आणि पहिले दोन महिने लंच टाइमला हात शिवशिवायचे. तेव्हा मी खाली उतरून इमारतीभोवती चालायचे. तिथे वॉचमनची बायको कढीपत्ता लावते, तिच्याशी ओळख झाली. ह्यांनी लेन्स ड्रॉवरमधून बाहेर काढली आणि सुट्टीच्या दिवशी कॉलनीतल्या बारशांचे, वाढदिवसांचे फोटो काढायला सुरुवात केली. आधी फुकट, मग लोकच पैसे देऊ लागले. ते येताना केकचा तुकडा कागदात गुंडाळून आणायचे. पावणेतीन वर्षं लागली. शेवटचा हप्ता भरला त्या संध्याकाळी घरी खट्टी दाल आणि भात होता, आणि तितक्या चवीने भात मी कधी जेवले नाही.

त्यानंतर आम्ही वर्षभर डब्यात पैसे टाकले आणि आईला समुद्र दाखवायला नेलं. तिने आयुष्यात पाहिला नव्हता. सिकंदराबादहून रात्रीची गाडी, सकाळी विशाखापट्टणम. तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी एवढी घेतली होती की गाडीचा अर्धा डबा जेवला. वाळूवर पोहोचल्यावर ती लुगडं सावरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "तिकिटाचे दिलेस?"

"दिले."

"खोलीचे?"

"दिले गं आई. सगळ्याचे दिले."

"मग चल की, अजून आत जाऊ," म्हणाली, आणि माझा हात धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरली. लाट आली, दोघी बसलो. लुगड्यात वाळू भरली. ती खदखदून हसत होती, आणि ह्यांनी त्याच लेन्सने तिचा फोटो काढला. तो आता तुमच्या फोटोशेजारी लावला आहे.

आता एक सांगायचं राहिलं, त्यासाठीच खरं तर बसले होते. तुमचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी तुम्हाला पाय वर करून बसायची मोठी आरामखुर्ची आणली. तुम्ही विचारलंत, "रोख घेतलीस ना?" मी हो म्हणाले. मग येईल त्याला तुम्ही तीत बसवायचात आणि सांगायचात, "लेकीने आणली. रोख." दादा, ती रोख नव्हती. त्या पहिल्या कार्डावर घेतलेली ती पहिली वस्तू. तुम्ही गेल्यावरही सव्वा वर्ष मी तिचे हप्ते भरत होते. आता आई दुपारी तीतच झोपते, या क्षणी घोरते आहे. हे पत्र मी कपाटात ठेवून देणार. आणि तुम्ही असतात तरी दिलं नसतं, त्या खुर्चीत बसलात की तुम्ही फार खूश दिसायचात.