बारावा महिना

ठाणे, ता. २५ नोव्हेंबर १८८९

राजश्री विश्रामराव यांस परशुरामाचा सा. न. वि. वि.

माझ्या बहिणीचे डोहाळजेवण तुमच्या घरी आषाढात झाले. सातवा महिना म्हणून मी हिरवी साडी घेऊन कल्याणास आलो होतो. आता कार्तिक सरला, म्हणजे हा बारावा! पोट वाढते आहे नि हातापायांच्या काड्या झाल्या आहेत, असे कळते. तरी तुमच्या मातोश्री दृष्ट काढीत बसल्या आहेत. अहो, ते मूल नव्हे, गाठ आहे. मुंबईत बाई डॉक्टर आहेत, त्यांना दाखवा. सगुणेला काही झाले तर मी तुम्हाला सोडणार नाही.

लोभ तुटेल असे करू नये.

परशुराम

*

कल्याण, ता. २७ नोव्हेंबर

राजश्री परशुरामपंत यांस विश्रामाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षे सगुणेला मूल नव्हते, पण या घरात तिला कुणी टाकून बोलले नाही. रखमाबाई सुईण सांगे, खडवलीच्या एकीला तेराव्या महिन्यात मुलगा झाला. त्यावर आम्ही विसंबलो. आता तीही पोटाला हात लावायला कचरते.

पण पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्हाला ठाऊक नाही? न्यायला येतो म्हणालात, आला नाहीत. तीन पत्रे धाडली, उत्तर नाही. आणि आज ठाण्यात बसून गाठ आहे म्हणता, ती कशावरून? तुम्ही वैद्य कधी झालात?

खरे लिहा, मग लोभाचे पाहू.

विश्राम

*

ठाणे, ता. २९ नोव्हेंबर

रा. विश्रामराव यांस नमस्कार.

खरे हवे ना? आमची आई अशाच पोटाने गेली. मावशीही. तुमच्याशी बोलणी झाली तेव्हा ज्वराने गेली असे सांगितले, कारण घराण्यात रोग म्हटल्यावर मुलगी कोण करून घेतो? आई गेली तेव्हा सगुणा लहान, मामाकडे होती. तिलाही ज्वरच सांगितला. डोहाळजेवणाला तिला पाहिले आणि ओळखले. घरी आणली असती तर आमच्या नौपाड्यात बोभाटा होऊन माझ्या धाकट्या मुलीचे, जयाचे, येत्या माघातले लग्न मोडले असते. तुम्ही दाखवाल असे वाटले होते. पोट तुमच्या डोळ्यांसमोर वाढत होते, मला दोष देऊ नका.

हे पत्र फाडून टाका. जयाच्या होणाऱ्या सासरी कळले तर लोभ राहिला बाजूला, मी तुमचे तोंड पाहणार नाही.

परशुराम

*

कल्याण, ता. ९ डिसेंबर

तीर्थस्वरूप दादांस सगुणेचा शि. सा. न.

तुमचे पत्र फाडले नाही. आईला किंवा मावशीला असे काही होते का, असे डॉक्टरीणबाईंनी विचारले, तेव्हा यांनी ते खिशातून काढले. मी तिथेच वाचले. बाईंनी पोट तपासले, घमेलेभर पाणी काढले. गाठ बीजकोशाची आहे. आषाढात कापून काढता आली असती, असे त्या म्हणाल्या. आता ती आतड्यांत पसरली आहे. पाणी पुन्हा भरेल. शिमगा पाहीन का म्हणून मी विचारले, तेव्हा त्या घमेले उचलून हात धुवायला गेल्या.

मला कुणी टाकून बोलले नाही, असे यांनी तुम्हाला लिहिले म्हणे! चौदा वर्षे हळदीकुंकवाला मागे बसवले. आता सासूबाई मी फसवले म्हणून तोंड फिरवून आहेत. यांचाही मला राग येतो. पण तुमचा जास्त येतो. साडी देताना तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात, तेव्हा मी विचारले होते, दादा, आई कशाने गेली हो? ज्वराने, म्हणालात, आणि जाऊन पानावर बसलात.

जयाला मी सगळे लिहिले आहे, तिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर, तुमचे पत्र सोबत जोडून. हे तुमच्या हाती पडेल तोवर तिने वाचले असेल. सासरी सांगायचे की नाही, ते ती ठरवील. पोट जरा जरी फुगले तर कुणाला न विचारता जा, म्हणून डॉक्टरीणबाईंचा पत्ताही दिला आहे.

तुमचा लोभ तिच्यावर असू द्या. मला नको.

सगुणा