मागच्या आवृत्तीतला आवाज

दादा, तुमचा मुलगा आता बोलत नाही. रुसून नाही, आपल्या घरात रुसायला कुणाला सवडच नव्हती. पुण्याच्या दवाखान्यात माझं स्वरयंत्र काढून टाकलं, गळ्याच्या तळाशी एक भोक ठेवलं, आणि आता श्वास तिथून आत-बाहेर करतो. कर्करोग होता. तंबाखूला मी कधी हात लावला नाही हे मी डॉक्टरांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ते म्हणाले, "सर, आजार भाषण ऐकत नाही." वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कुणाच्या आजाराबद्दल असतं तर मी ते उचलून सभेत वापरलं असतं. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्रही त्यांनी दिलं, पण किरणोपचारानं कातडी चामड्यासारखी ताठ झाली आहे. त्यातून नुसता भुंगा गुणगुणतो. ते कपाटात आहे, आणि मी पाटीवर लिहून बोलतो.

ज्या गळ्यावर तुम्ही एवढी मेहनत घेतली, तो असा गेला. भिंगारच्या आपल्या खोलीत संध्याकाळी आई पंपाचा स्टोव्ह पेटवायची आणि तो असा फरफरायचा की शेजारी बसलेल्याचं बोलणंही कळू नये. छावणीच्या पाइपलाइनीवर दिवसभर राबून आलेले तुम्ही भिंतीला टेकून बसता, मला स्टोव्हच्या या बाजूला उभं करता आणि म्हणता, "वरडायचं न्हाई. वरडतो त्यो घाबरल्याला असतो. शब्द उचलून तिकडं ठेव, आईच्या हातात." आई मोरीपाशी भांडी घासते आहे. मी वर्गात शिकलेला धडा बोलतो. मध्येच तुम्ही तिला विचारता, "काय म्हनला गं?" आणि ती मान न वळवता म्हणते, "मला काय बी आईकू आलं न्हाई बाबा, स्टोव्हच बोलतोय." पुन्हा पहिल्यापासून. असं कित्येक संध्याकाळी. एक दिवस ती म्हणाली, "आता कळालं, पन भाकर करपली," आणि तुम्ही हसलात. ती करपलेली भाकरी तुम्हीच खाल्लीत.

वस्तीतल्या कार्यक्रमांना तुमचे दोन कर्णे आणि तो तापणारा ॲम्प्लिफायर असायचा. माझं पहिलं भाषण जयंतीला होतं. मी रात्री बसून ते लिहून काढलं होतं आणि स्टेजवर उभा राहून वाचायला लागलो. चार ओळी झाल्या आणि माईक मेला. मला वाटलं वीज गेली. पाहिलं तर तुम्ही ॲम्प्लिफायरपाशी उभे, हात बटणावर. सगळ्या वस्तीसमोर म्हणालात, "कागदाला आईकवतो का मान्सांला? खिशात घाल." पोरं हसली. मी कागद खिशात घातला, तुम्ही बटण दाबलं, आणि तेव्हापासून मी कधी कागद घेऊन बोललो नाही. आपल्यात हीच रीत आहे. कागद बघून बोलणाऱ्याला लोक ऐकतात, पण मानत नाहीत.

आता तुमच्या ओळखीबाहेरची गोष्ट सांगायची आहे. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पाथर्डीकडचा एक कंत्राटी कामगार पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली सापडून गेला. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. कोयता नको म्हणून हा कारखान्यात आला होता. त्या मशीनच्या पुढची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती, कारण जाळी उघडझाप करण्यात वेळ जातो आणि माल कमी निघतो. कारखान्याच्या माणसांनी घरी कळवलं की पोराचीच चूक, त्यानंच जाळी काढली. बरोबरचे कामगार जाब विचारायला गेले तर त्यांचे गेटचे पास बंद केले. मग गेटसमोर शोकसभा ठरली. युनियनचा माणूस घरी आला. तो पोरगा होता तेव्हापासून मी त्याला ओळखतो. तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, "सर, तुमी यायचंच. बोलायचं न्हाई. नुसतं स्टेजवर बसायचं. तुमी बसलात तरी लई हाय."

मी पाटीवर लिहिलं, 'मी बोलणार.' त्यानं पाटी वाचली, माझ्या मुलीकडं पाहिलं, आणि चहा संपवला.

तुम्ही गेलात तेव्हा ही मुलगी रांगत होती. आता ती नगरमध्ये कॉम्प्युटरचे वर्ग घेते. तिनं सरळ मोबाइल पुढं केला. "पप्पा, यात टाइप करायचं, तो बोलतो. गोड आवाज आहे, बाईचा पाहिजे तर बाईचा." मी मान हलवली. कॉलेजांमधून मी वर्षानुवर्षं सांगत आलो आहे की ज्या यंत्राच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला बघता येत नाही, ते यंत्र आपलं नव्हे, आपण त्याचे. तो गोड आवाज माझं प्रत्येक वाक्य आधी सातासमुद्रापार कुठल्यातरी मालकाच्या घरी नेतो आणि मग परत आणून बोलतो. मेलेल्या कामगाराची बाजू मी त्या वाटेनं नेणार नव्हतो. पाटीवर एवढंच लिहिलं, 'मोकळं हवं. सगळ्यांचं. नेटशिवाय.' ती म्हणाली, "मालकाला काय पडलंय तुमच्या भाषणाचं? त्याच्याकडं जगातली सगळी भाषणं आहेत." मी 'सगळ्यांचं' या शब्दाखाली रेघ मारली. "घ्या! गळा गेला, हट्ट काही गेला नाही," असं म्हणून ती आत गेली आणि तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेऊन आली.

त्यावर लिनक्स घालायचं ठरलं. ती कुणाच्या मालकीची नसलेली प्रणाली आहे, जगभरचे लोक मिळून चालवतात आणि दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती काढतात. त्या आवृत्तीबरोबर हजारो लहान-मोठे प्रोग्राम येतात, त्यांना पॅकेज म्हणतात. मराठी बोलणारा एक पुरुषी आवाज त्यांत आहे, असं मला पक्कं आठवत होतं. एका व्याख्यानात मी तो अभिमानानं वाजवून दाखवला होता. चूक माझीच झाली. मी पाटीवर लिहिलं, 'सगळ्यात नवी घाल.' उभी हयात मी सांगितलं की पुढं जायचं, मागं वळायचं नाही. मला वाटलं जे मागच्यात होतं ते पुढच्यात असणारच, वर आणखी काही असेल. दिवसभर खपून तिनं नवी आवृत्ती चढवली, पॅकेजचं नाव टाकलं, आणि उत्तर आलं की असं काही पॅकेज सापडत नाही. तिनं नाव तपासून पुन्हा टाकलं. सापडत नाही.

मग तिनं ते पान उघडलं. तिथं पॅकेजचं नाव घालायचं, 'सर्व आवृत्त्या' निवडायचं, की ते कोणकोणत्या आवृत्तीत मिळतं ते समोर येतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, ओट्यावर लॅपटॉप, कुकरची शिट्टी होते आहे. जुनी आवृत्ती, आहे. तिच्यानंतरची, आहे. तिच्यानंतरची, आहे. आणि मग पान संपलं. चालू आवृत्तीचं नावच नाही. दादा, मला तिथं 'नाही' हा शब्द हवा होता. 'नाही' म्हणणाऱ्याशी भांडता येतं. इथं कुणी नाही म्हणत नाही, फक्त आपल्यापर्यंत येऊन मोजणं थांबवतात. हे मी आयुष्यभर दुसऱ्या संदर्भात सांगत आलो आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात पडद्यावर दिसलं.

"काढलं का यांनी?" मी लिहिलं.

तिनं बराच वेळ इंग्रजी वाचलं. "कुणी मुद्दाम काढलं नाही पप्पा. सांभाळणारं कुणी उरलं नाही. खालचे प्रोग्राम बदलत गेले, त्याप्रमाणं याची डागडुजी कुणी केली नाही. मग चालेना. चालेना म्हणून गळालं. कुणाचं तक्रारीचं एक पत्रसुद्धा दिसत नाही."

आठ-दहा कोटी लोकांची भाषा, आणि तक्रारीचं एक पत्र नाही. मला संताप आला, आणि संताप आला की मी उभा राहतो. उभा राहिलो, आणि तोंडातून काहीच आलं नाही, नुसती गळ्याच्या भोकातून शिट्टीसारखी हवा गेली. मुलगी घाबरली. मी खाली बसलो. काष्टीच्या अलीकडं आपलं गाव, तिथल्या विहिरीची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. तुमच्या वडिलांच्या पिढीनं मार खाऊन ती सगळ्यांसाठी मोकळी करून घेतली. पुढं घरोघर नळ आले, विहीर सगळ्यांची होती म्हणून गाळ कुणीच काढला नाही, आणि ती बुजली. मी तिच्यावर भाषणं केली आहेत. मोकळं करण्याच्या भागावर टाळ्या पडायच्या. गाळाचा भाग मी हळूहळू सोडून दिला होता.

जुनं पॅकेज नव्या आवृत्तीत बसवून बघितलं. ते दुसऱ्याच कशावर तरी टेकून उभं होतं आणि ते दुसरं आता राहिलं नव्हतं. शेवटी मागं जायचं ठरलं. ज्या शेवटच्या आवृत्तीत तो आवाज आहे, ती मुलीनं जुन्या साठ्यातून शोधून उतरवली. "हिची मुदत संपलीये," तिनं बजावलं. "दुरुस्त्या येणार नाहीत. नेटला जोडायची नाही, नाहीतर कुणीही शिरेल." मला तेच हवं होतं. सभेच्या आदल्या दिवशी दुपारी ते चाललं. मी टाइप केलं, 'माझा आवाज.' लॅपटॉप ते बोलला. सपाट, नाकात, दोन शब्दांमध्ये ठेच लागल्यासारखा. मुलगी तोंडावर हात ठेवून हसली, मग हसायची थांबली. माझी लांब वाक्यं त्याला पेलत नव्हती. मधल्या शब्दांत तो गुदमरायचा. मग मी सगळं भाषण तोडून तोडून लिहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्या जयंतीनंतर उद्या मी पहिल्यांदाच लिहून आणलेलं बोलणार आहे.

गेटसमोर मांडव, पलीकडं रस्त्यावरून ट्रक जाताहेत. पुढच्या सतरंजीवर मेलेल्या कामगाराची बायको बसली होती, शेजारी तिचा भाऊ. मी बटण दाबलं. "मित्रांनो. आज आपण. एका कामगाराला. निरोप द्यायला जमलो आहोत." आणि मागून कुणीतरी ओरडलं, "पन्नास मीटरवर डावीकडं वळा!" मांडव हसला. कामगार हसले, गेटवरचे वॉचमन हसले.

दादा, असल्या माणसावर तर मी जगलो. काष्टीच्या बैलबाजारात एकदा एक व्यापारी ओरडला होता, "सर, आवरा! बैल उभ्यानं झोपला!" मी श्वासही न घेता म्हणालो, "झोपू द्या त्याला, त्याला उद्या नांगर ओढायचाय. तुम्ही जागं राहा, तुम्हाला मत द्यायचंय." तो शेवटपर्यंत हलला नाही. सुप्यालाही उत्तर तत्काळ आलं माझ्या डोक्यात. मी यंत्र थांबवलं आणि टाइप करायला लागलो, 'डावीकडंच वळायचंय बाबा, उजवीकडं मालकाचा बंगला.' बोटं जड, अक्षरं चुकतात, मी खोडतो. लोकांना वाटलं, मशीन बिघडलं. कुणी सांत्वनासारख्या दोन टाळ्या दिल्या. युनियनवाला माईकपाशी आला, "सरांनी एवढे कष्ट घेतले त्याबद्दल..." मुलीनं हात हलवून त्याला थांबवलं. उत्तर तयार झालं तेव्हा तो ओरडणारा चहाच्या टपरीवर गेला होता. मी ते खोडलं आणि पुढचं चालू केलं.

"त्या मशीनची जाळी. काढलेली होती. ती त्यानं काढली नव्हती. त्याच्या आधीच्या पाळीतही. ती नव्हती. त्याच्या आधीच्या महिन्यातही. ती नव्हती. हे सांगणारे कामगार. आज इथं बसले आहेत. हे सांगितलं म्हणून. त्यांचे पास बंद आहेत." टाळ्या आल्या नाहीत. संपलं, तेव्हा लोक उठून चपला शोधायला लागले.

त्याची बायको स्टेजपाशी आली. माझ्याकडं नाही, लॅपटॉपकडं बघून मुलीला म्हणाली, "ताई, त्ये जाळीचं परत लावता का? मोबाइलात घेते. सासरे उसाच्या फडावर हायेत. त्यांला सांगितलंय, पोराचीच चूक. त्ये जेवत न्हाईत." मुलीनं लावलं. तिनं मोबाइल स्पीकरला चिकटवून धरला. 'ती त्यानं काढली नव्हती.' एक ट्रक आडवा गेला म्हणून तिनं पुन्हा मागितलं. आवाज पुन्हा तसाच, कमी नाही, जास्त नाही. माझा असता तर 'नव्हती'वर चढला असता, मग फाटला असता, आणि मांडव रडला असता. तिला ते नको होतं. तिनं मोबाइल पदराखाली ठेवला आणि भावाबरोबर जीपकडं गेली.

कामगार अजून बाहेरच आहेत. दुसऱ्या कंत्राटदाराची माणसं आत काम करतात. त्या फडावर काय झालं, ते मला कळलेलं नाही.

हे कुणाला पाठवायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून टाकतो. त्या दुपारी त्या बाईला जे हवं होतं ते मिळालं, आणि मी मात्र मांडव उतरेपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. मुलगी दोनदा म्हणाली, चला. मी पाटीवर लिहिलं, 'दम लागलाय.' दम लागला नव्हता. कुणीतरी जवळ येऊन म्हणेल, सर, आज तुमचा आवाज पाहिजे होता, म्हणून मी थांबलो होतो. कुणी म्हणालं नाही.