चार क्विंटल सोडे

३ एप्रिल १९६६, रविवार

नमुना पास झाला! कालच्या टपालाने कार्ड आलं तेव्हा भात चुलीवर होता. तो तसाच टाकून किनाऱ्याकडे पळाले. चपला घालायचंही भान नव्हतं, वाळूने पाय पोळले. मंजुळा सोड्यांसाठी कोळंबी सोलत बसली होती. दुरूनच ओरडले, "सिलोनवाल्यांना आपले सोडे आवडले!" तिने लुगड्याला हात पुसले, कार्ड घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. वाचता येत नाही तिला. म्हणाली, "यात माझं नाव हाय का?" नाही म्हटलं. "मग तुमीच ठेवा." आणि जी हसत सुटली!

कार्ड कमलाकांतांचं. मुंबईला मस्जिद बंदरात सुकी मासळी परदेशी पाठवणारी एक पेढी आहे, तिथे ते माल तपासतात. मार्चमध्ये पाच किलो सोडे पिशवीत घालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तर वर मान न करता म्हणाले, "ग्रामसेविका? तुम्हाला मासळीतलं काय कळतं?" खरं होतं. वाईहून एडवणला आले तेव्हा सुका बोंबील हातात धरताना मी नाकाला पदर लावला होता. मंजुळा अजून त्याची नक्कल करते.

आता काम. चार क्विंटल सोडे. वाळूचा एक कण नको. माल मेअखेर मुंबईत पोचायला हवा, पाच जूनला बोट सुटते. पहिल्यांदाच आमचा माल गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला न देता थेट जाणार. अकरा बायकांचं मंडळ — आणि सिलोन!

७ एप्रिल

बैठक. वाळूवर पसरून सुकवायचं नाही, बांबूचे उंच माच करून त्यावर चटया टाकायच्या, एवढंच सांगायचं होतं. दोन तास लागले. रखमा — मंजुळाची सासू — म्हणाली, "माझ्या सासूनं वाळूवर सुकवलं, तिच्या सासूनं वाळूवर सुकवलं. कोण मेलं खाऊन?" सगळ्या हसल्या. मीही.

मग मंजुळा उठली. "सिलोनच्या लोकांचे दात नाजूक असतील. आपल्याला काय? करू माच." झालं. माझ्या दोन तासांपेक्षा तिचं एक वाक्य.

११ एप्रिल

पुंडलिकने तीन दिवसांत बावीस माच उभे केले. मंजुळाचा नवरा, स्वतःच्या होडीचा तांडेल. बोलणं फार कमी. एकेक माच हलवून बघतो, मग मान डोलावतो. आज जाताना म्हणाला, "बाई, सिलोन लांब हाय?" म्हटलं, बोटीने चार-पाच दिवस. विचार करून म्हणाला, "मग माझ्या होडीनं नको."

तो थट्टा करतो हे मला आजच कळलं!

१९ एप्रिल

कावळे! दिवसभर नुसते कावळे हाकलले. घसा बसला.

१ मे

आईचं पत्र. साताऱ्याचं स्थळ आहे, बिजवर, मुलगा सहा वर्षांचा. "आता अठ्ठावीसची झालीस." मंजुळाला सांगितलं. ती माचावरचे सोडे परतत होती. म्हणाली, "माणूस कसा हाय ते नाय लिहिलं?" नाही लिहिलेलं. "मग ते पत्र नाय, यादी हाय."

तिथेच भाकरी आणि कोळंबीचं कालवण खाल्लं. पुंडलिक समुद्रावर होता. दिवस कलला तशी ती बोलता बोलता दाराकडे बघायला लागली. पंधरा वर्षं झाली लग्नाला, तरी! मी चिडवलं, तर म्हणाली, "तुमाला बी कुणाची वाट बघायला मिळाली पायजे. वाईट असतं ते, पण पायजे."

मूलबाळ नाही त्यांना. कधी बोलत नाही त्यावर.

१६ मे

साडेतीन क्विंटल झाले. कोळंबी कमी येते आहे. समुद्राचा रंग बदलला असं सगळे म्हणतात, मला तर तसाच दिसतो. होड्या एकेक करून वर ओढताहेत. पुंडलिकनेही आज ओढली. त्याचा हंगाम संपला.

अर्धा क्विंटल कुठून आणू?

१९ मे

आज मी फार बोलले. सगळ्या माचाजवळ बसल्या होत्या. म्हटलं, "चार म्हणजे चार. कमी माल गेला तर पुढच्या वर्षी आपल्याला कोणी विचारणार नाही. मी त्यांना शब्द दिला आहे." बोलता बोलता मूर्खासारखी रडलेच. हंसाने पाणी दिलं. ती मंडळात सगळ्यांत लहान, पण सगळ्यांत स्पष्ट. म्हणाली, "बाई, समुद्राला काय तुमच्या शब्दाचं?" मंजुळा वर ओढलेल्या होड्यांकडे बघत होती.

२१ मे

पुंडलिकने होडी पुन्हा पाण्यात घातली! अमावास्येचं उधाण आहे, एक शेवटची फेरी करून येतो म्हणाला. बरोबर धाकटा भाऊ दादू आणि आणखी एक खलाशी. ऐकून किती बरं वाटलं! आता चार होतील.

२३ मे

काल दुपारनंतर दक्षिणेकडून वारा सुटला. माचांवरच्या चटया उडाल्या. आम्ही सगळ्या सोडे गोळा करत धावत होतो. मी एक चटई छातीशी धरून उभी होते आणि मंजुळा मात्र सोडे सोडून पाण्याकडे बघत होती.

होडी आलेली नाही.

२४ मे

दादू आणि खलाशी मिळाले. सातपाटीच्या होडीवाल्यांनी काढले. फळीला धरून होते. दादूला बोलता येत नाही, नुसता दात वाजवतो. पुंडलिक त्यांच्याबरोबर फळीला होता. सकाळी नव्हता.

२६ मे

केळव्याच्या किनाऱ्याला. सदऱ्यावरून ओळखला. मंजुळानेच शिवला होता, खिसा उलट्या बाजूला लागलेला. त्यावरून तो तिला वर्षभर चिडवत होता म्हणे.

मी गेले होते. मागे उभी राहिले. पुढे जायचा धीर झाला नाही.

२७ मे

मी बोलले म्हणून तो गेला. होडी वर ओढलेली होती. मी रडले नसते तर ती वरच राहिली असती. दुसरं काही लिहिता येत नाही.

२९ मे

मंजुळाकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात रिकामे. मी नाव घेतलं, तिने मान वळवली नाही. शेजारी बसावं म्हटलं, तर उठून आत गेली.

रखमा उंबऱ्यावर होती. डोळे कोरडे. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचं ते सिलोन कुठं हाय?" मी समुद्राकडे हात केला. दक्षिणेला. "माझा पोर गेला त्याच्या पल्याड, का अल्याड?"

म्हातारी खरंच विचारत होती. तिला जाणून घ्यायचं होतं.

३० मे

माल पाठवायचा नाही असं ठरवून मंडळात सांगितलं. हंसा अंगावर आली. "का? आमी दोन महिने पाठ मोडली ती काय घरात ठेवायला? पुंडलिकदादानं माच कशाला बांधले?" मग तीच तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मंजुळाचे माच त्यांनी रिकामे ठेवले नव्हते — उरलेली बारीकसारीक कोळंबी आळीपाळीने तिथे वाळवली. तरी भर पडली दहा किलोंची.

गोण्या शिवल्या. उद्या सफाळ्याला गाडीने, तिथून रेल्वेने. मी बरोबर जाते.

१ जून

मुंबई. धर्मशाळेत आहे.

कमलाकांतांनी गोण्या उघडल्या. मूठभर सोडे पांढऱ्या कागदावर टाकून कागद हलवला, वाळू नाही. दुसरी गोणी. तिसरी. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "बाई, असा माल वीस वर्षांत पाहिला नाही." मी म्हटलं, चाळीस किलो कमी आहे, माफ करा.

"अहो, त्यात काय! चार म्हणजे अंदाज. साडेतीन काय, तीन आणले असते तरी घेतलं असतं. पहिला माल कोणाचा पुरा येतो? एक कार्ड टाकायचं होतंत."

एक कार्ड! पाच पैशांचं, सहा पैशांचं, काय असेल ते. माझ्या टेबलावर आठ कोरी कार्डं पडून होती. मला विचारायचं सुचलं नाही. शब्द दिला म्हणून मिरवत होते. विचारलं असतं तर आपल्याला काही कळत नाही असं त्यांना वाटेल, ही भीती. एवढ्यासाठी.

त्यांनी चहा मागवला. प्याले. पावती घेऊन बाहेर पडले.

१२ जून

रुपयाची किंमत उतरवली सरकारने. सगळीकडे तीच चर्चा. कमलाकांतांचं कार्ड: परदेशी माल पाठवणाऱ्यांना आता चांगले दिवस येतील, पुढच्या हंगामाला दुप्पट तयारी ठेवा.

कार्ड पेटीत ठेवलं. कोणाला वाचून दाखवलं नाही.

२० जून

विहिरीवर मंजुळा भेटली. फार वाळली आहे. मला बघून तिने हंडा अर्धाच भरला आणि निघाली. पाणी तिच्या पायांवर सांडत होतं. मी मागून म्हटलं, "मंजुळा, मला शिव्या दे. पण बोल." ती थांबली. पाठमोरीच. मग गेली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ जून

बदलीचा अर्ज पाठवला. कारण: "प्रकृतीस हवा मानवत नाही."

८ जुलै

सिलोनहून पत्र आलं, कमलाकांतांनी मराठी करून पाठवलं. माल उत्तम पोचला. अशीच सफाई राहिली तर दर हंगामाला घेऊ. "हे ज्यांनी केलं त्यांना आमचे आभार कळवा."

पाऊस कोसळत होता तरी सगळ्या हंसाच्या पडवीत जमल्या. मंजुळा सोडून. वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हंसा म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. मग रखमा — ती कोपऱ्यात बसली आहे हे मी पाहिलंच नव्हतं — म्हणाली, "म्हणजे पोचलं." एवढंच. छत्री न घेता पावसात निघून गेली.

मंजुळाला सांगायला हवं होतं, सगळ्यांत आधी तिला. तिच्या दारापर्यंत गेले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. पत्र भिजायला लागलं. परत आले.

१९ जुलै

हुकूम आला. मुरबाड तालुका. एक ऑगस्टला हजर व्हायचं. तिथे समुद्र नाही.

सामान ते काय. एक ट्रंक, स्टोव्ह, वळकटी. आईला लिहिलं की साताऱ्याच्या लोकांना कळवून टाक, मला लग्न करायचं नाही. कुणाच्या घरात शिरायची भीती वाटते आता.

हंसा संध्याकाळी आली, ट्रंक बघून तशीच उभी राहिली. "पळताय?" म्हणाली. हो म्हटलं.

२४ जुलै, रविवार

मंजुळा आली. दारातच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. मग म्हणाली, "तुमी चाललात ते माझ्यापायी. माझ्या तोंडाकडं बघवत नाय तुमाला. तुमाला ठाव हाय ना सगळं?" मला कळेना. म्हटलं, काय ठाऊक? "तो जात नव्हता. वारा बरा नाय बोलला, तीनदा बोलला. मीच धाडला. मी बोलली, बाई रडली आमच्यासाठी, तिचा शब्द पडू देऊ नको. अर्धा क्विंटल तर हाय, एका फेरीत होईल. मी धाडला त्याला, बाई. सासूला बी नाय सांगितलं. तुमच्याकडं बघायची मला लाज वाटते."

दोन महिने मला वाटत होतं, ती माझ्यावर रागावली आहे.

तिला जवळ घेतलं. साडेतीन चाललं असतं, हे नाही सांगितलं. जन्मात सांगणार नाही.

ट्रंक उघडली. मुरबाडला जात नाही.