मोगरकळी दंतमंजनाची डबी

बोरगाव मेघे, वर्धा
दि. २ डिसेंबर १९८२

ती. सौ. जयवंताताईस,
कोकिळाचा नमस्कार. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. तुमच्याकडेही सर्व बरे असतील, असं धरून चालते.

तुझं कार्ड मिळालं. पुलगावचे पाहुणे येत्या रविवारी येणार, त्यांच्यासोबत तूही येणार, मी अंजिरी साडी नेसावी, मोरपंखी नेसू नये कारण तिच्यात मी जास्तच काळी दिसते, हे सर्व समजलं. आईनं ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि लगेच अण्णाजींना दिवाणावरची चादर बदलायला लावली. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा आल्यात. आईचे गुडघे सकाळी धरतात, पण पाहुणे येणार म्हणून सध्या तिला ते आठवत नाहीत. छकुलीचा खोकला गेला का? ओव्याच्या पुरचुंडीनं छाती शेकून दे, असं आई सांगते आहे.

एवढं लिहून मी मघाशी पेन खाली ठेवला. अण्णाजींनी विचारलं, पत्र झालं असेल तर दे, मी पोस्टाकडेच चाललो आहे. नाही झालं म्हटलं. जे लिहायला बसले त्यातलं एक अक्षरही अजून कागदावर उतरलेलं नाही, ताई. कुठून सुरुवात करावी कळत नाही. म्हणून आधी तुला ठाऊक असलेलंच लिहिते.

मला नागपूरला कमर्शिअल आर्ट शिकायला पाठवावं म्हणून अण्णाजींशी भांडलीस ती तू. जेवण सोडून बसली होतीस. मी डिप्लोमा घेऊन परत आले तेव्हा वाटलं होतं, वर्ध्यात एवढी दुकानं, एवढे कारखाने, प्रत्येकाला लेबल लागतं, पिशवी लागते, कॅलेंडर लागतं, मला काम कमी पडायचं नाही. सगळा मे महिना मी फोल्डर घेऊन पुढे आणि अण्णाजी छत्री घेऊन मागे, अशी आमची वरात बाजारातून फिरली. लोक पाणी द्यायचे. फोल्डर उघडूनही पाहायचे. मग विचारायचे, कोणाच्या ओळखीनं आल्या? अण्णाजींची ओळख जिल्हा परिषदेतल्या त्यांच्या टेबलापुरती, आणि तेही टेबल आता दुसऱ्याचं. एका किराणावाल्यानं तर मला पाटी रंगवणारी समजून बाहेर नेलं आणि पाटीची जागा दाखवली. त्या दिवशी मी घरी येऊन ढसाढसा रडले. तू माहेरपणाला आली होतीस. माझ्या केसांतून हात फिरवत म्हणालीस, "ओळखीशिवाय कोणी दारात उभं करत नाई, कोकिळे. तू आर्वीले येजो. ओळख करून देणं माह्याकडे लागलं."

आर्वीला मात्र तू मला एकाही दुकानात नेलं नाहीस. दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत तुझे कागद कोण पाहणार, घरी निवांत बोलणं होतं, असं म्हणालीस आणि मला ते पटलं. बियाणेवाल्यांच्या घरी त्यांच्या आईनं फोल्डर चाळला, मग मला कोऱ्या कागदावर नाव लिहून दाखवायला सांगितलं, मग आतून पाणी आणायला सांगितलं. त्यांच्या मुलीला माझ्या पाठीला पाठ लावून उभं केलं आणि उंची पाहिली, तेव्हाही मी हसत होते. कापडवाल्यांच्या घरच्या बाईंनी विचारलं, "चष्मा कवापासून लागला?" मी भोळी सांगत बसले की बारीक लेटरिंग करताना डोळे ताणतात, म्हणून शेवटच्या वर्षी लागला. तू माझ्याकडे डोळे वटारून पाहिलंस. मला वाटलं, गिऱ्हाइकासमोर धंद्यातल्या अडचणी सांगू नयेत म्हणून पाहते आहेस.

नंतर गावंड्यांचं घर. किसनराव गावंड्यांचा दंतमंजनाचा कारखाना, त्यामुळे मनकर्णाबाईंनी मला जवळ बसवून "हास बरं बाई जराशी" म्हटलं तेव्हाही मला काही वावगं वाटलं नाही. दंतमंजनवाल्यांचं घर, मी छान बत्तीशी दाखवली. त्यांचा प्रभाकर कोपऱ्यातल्या खुर्चीत अवघडून बसला होता. त्यानं एकच प्रश्न विचारला, हिरव्यावर पांढरी कळी उठून दिसेल का? किती चांगला प्रश्न, असं मला वाटलं. आणि तिथंच मला पहिलं काम मिळालं. मोगरकळी दंतमंजनाची डबी. जुन्या लेबलावर एक मिशीवाला माणूस हसत होता आणि त्याच्या तोंडात माणसाला असतात त्याहून जास्त दात होते. मी तो माणूस काढून टाकला. गर्द हिरवा रंग, शिरोरेघेवर मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या, शेवटच्या अक्षरापाशी एकच कळी उमललेली. किती कागद फाडले ते आईला विचार. श्रावणात आर्टवर्क तुझ्या हाती दिलं तेव्हा तू ते पाहून म्हणालीस, "हे तं भल्लं झालं वं."

मग काहीच नाही. पोळा झाला, गणपती झाले, दसरा झाला. प्रत्येक पत्रात मी विचारायची आणि प्रत्येक कार्डावर तुझं एकच उत्तर, गावंड्यांचा अजून काही निरोप नाही. दिवाळीच्या आधी लिहिलंस की या लाइनीत काही अर्थ नाही, कोकिळे, चार घरं तुला दाखवली, कोणी विचारलं का? आता हट्ट सोड. ते वाचून मी ब्रश धुतले, कोरडे केले आणि माळ्यावर टाकले. हिंगणघाटचे पाहुणे मला पाहून नकार देऊन गेले त्यानंतर, आपल्या पायांवर उभी राहिल्याशिवाय पाटावर बसणार नाही, असं मी म्हटलं होतं. ते मागे घेतलं आणि पुलगावच्यांना हो म्हटलं. मला वाटलं, जिच्या कामाला कोणी विचारत नाही तिनं कशाला ताठा दाखवावा.

आता तुला ठाऊक नसलेलं.

मागच्या आठवड्यात इथल्या किराणा दुकानात गूळ घ्यायला गेले तर मागच्या फळीवर माझी डबी. एक नाही, रांगच. त्या हिरव्यावर त्या पांढऱ्या कळ्या! मी दुकानात अशी ओरडले की दुकानदाराला वाटलं उंदीर निघाला. छपाईत हिरवा थोडा फिका आला आहे, पण शिरोरेघ जशीच्या तशी उतरली आहे. एक डबी घेतली. घरी कोणाला सांगितलं नाही. ही बातमी तुला आधी सांगायची, तीही समोर उभी राहून, असं ठरवलं. आईला मैत्रिणीकडे जाते सांगितलं, तुझ्यासाठी गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेतला आणि आर्वीची एस.टी. धरली.

हो ताई. सोमवारी मी आर्वीत होते.

आधी गावंड्यांकडे जावं, त्यांच्या तोंडून ऐकावं आणि मग तुझ्याकडे यावं असा बेत होता. मनकर्णाबाई ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. मला पाहून त्यांच्या हातातलं सूपच थांबलं.

"एकटीच आली वं? बहीण कुठी हाये?"

मी म्हटलं, एकटीच आले, जरा काम होतं.

त्यांनी मला हाताला धरून बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे पाय बाई, आमचा निरोप तं पोळ्याच्या टायमालेच गेलता तुह्या बहिणीकडे. मनावर नको घेजो. तुह्यात खोट नाई काही. पोराले जराशी उजळ पायजे होती, मी कायले खोटं बोलू?"

मला आधी वाटलं त्या लेबलाच्या रंगाबद्दल बोलताहेत. खरंच सांगते, मी म्हणणार होते की छापखान्यात शाई पातळ केली असेल. मग त्यांचा चेहरा पाहिला. "कोणता निरोप?" मी विचारलं.

"म्हंजे तुले माईतच नाई?" त्या कपाळाला हात लावून बसल्या. "अवं, तुही बहीणच म्हणे, पोरगी पाटावर बसाले तयार नाई. दाखवाचं नाव काढू नका, कामाचंच बोलजा, मी तिले घेऊन येते. बियाणेवाल्यायकडे, कापडवाल्यायकडेबी असंच तं दाखवली तुले. साऱ्या आर्वीले माईत हाये, बाई."

साऱ्या आर्वीला. मी त्या ओट्यावर बसले होते आणि मला ती पाठीला पाठ लावून घेतलेली उंची आठवत होती, आतून आणलेलं पाणी आठवत होतं, माझी ती बत्तीशी आठवत होती. मी समोर कागद पसरून लेटरिंग समजावत होते आणि ते लोक माझा वर्ण, माझा चष्मा आणि माझी चाल पाहत होते. आणि तू माझ्याशेजारी बसून माना डोलवत होतीस. इतकी लाज मला हिंगणघाटच्यांनी नाकारलं तेव्हाही वाटली नव्हती. तिथं निदान मला ठाऊक होतं की मी कशासाठी बसले आहे.

तेवढ्यात किसनराव आतून आले. डबी माझ्या हातातच होती. एरवी मी तिथून पळून आले असते, तू मला ओळखतेस. पण त्या दिवशी माझं डोकं असं फिरलं होतं की भीड उरलीच नाही. मी म्हटलं, "काका, सून म्हणून मी पसंत नाही, ते कळलं. त्याचं काही नाही. पण मला खरं सांगा, ही डबी पसंत आहे का?"

किसनराव चष्मा वर करून माझ्याकडे पाहतच राहिले. "हे काय इचारणं झालं, पोरी? डबीनंच तं माल उठवला. वर्ध्याहून, पुलगावहून मागणी येऊन राह्यली. मी दिवाळीच्या आंधीच रूपरावले सांगतलं, पोरीले कळवा, नव्या वर्साचं कॅलेंडरबी तिच्याचकडून घेऊ. तो म्हणे, तिचं लग्न जुळून राह्यलं, ते काम सोडलं तिनं."

रूपरावभाऊजींनी हे त्यांना सांगितलं तेव्हा मी काम सोडलं नव्हतं, ताई. मी रोज पोस्टमनची वाट पाहत होते. काम सोडलं ते तुझ्या कार्डानंतर.

माझ्यासाठी स्थळ शोधलंस याचा राग नाही. थोरल्या बहिणी ते करतातच, आणि अण्णाजींच्यानं धावपळ होत नाही हेही मला दिसतं. गावंड्यांचा नकार लपवलास, तोही मी समजून घेतला असता. मला वाईट वाटू नये म्हणून लपवलास, असं म्हणून तुझी बाजू मी स्वतःच घेतली असती. पण त्याच घरातून दुसराही निरोप आला होता. माझी डबी बाजारात गेली, लोकांनी घेतली, त्यांना आणखी काम हवं आहे. तो का दाबून ठेवलास? नाकारलेली मुलगी लवकर ऐकते, म्हणून? माझ्यासाठी जेवण सोडून बसलेल्या माझ्या ताईनं मला असं हताश होऊ दिलं आणि पुलगावच्यांची तारीख पक्की केली. मला दुसरं काही सुचत नाही, तेवढंच सारखं डोक्यात येतं.

माझ्या कामाला कोणी चांगलं म्हटलं की मला आता शंका येईल, हेही तुझंच देणं. कोण चित्र पाहत होतं आणि कोण मला पाहत होतं, ते मला कधीच कळणार नाही. किसनरावांचा शब्द तेवढा खरा धरते, कारण त्यांच्या घरानं मला आधीच नको म्हटलं होतं. त्यांना माझी भीड नव्हती.

तिथून स्टँडवर जाताना मी तुझ्या गल्लीतून गेले. तुमचं दार उघडं होतं. दोरीवर तुझी जांभळी साडी वाळत होती आणि छकुली पायरीवर बसून पेरू खात होती. तू तिला हाक मारायला बाहेर आलीस, तेव्हा मी हातपंपाच्या पलीकडे उभी होते. तू पाहिलं असतंस तर मी आले असते. तू पाहिलं नाहीस. गोरसपाक बसमध्ये शेजारच्या बाईच्या लेकरांना देऊन टाकला.

घरी येऊन अण्णाजींना सर्व सांगितलं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक होतं, हे ती घाईनं स्वयंपाकघरात निघून गेली तेव्हाच कळलं. अण्णाजींनी स्वतः स्टूल लावून माझी ब्रशची पेटी माळ्यावरून काढून दिली. गावंड्यांचं कॅलेंडर मी घेतलं आहे. पाडव्यापासूनचं आहे, संक्रांतीपर्यंत दिलं तरी चालेल असं किसनराव म्हणाले. काल पहिलं रफ केलं.

राहता राहिला रविवार. मी हो म्हटलं ते माझं काम कोणाला नको आहे असं समजून, आणि ते खोटं निघालं. पुढेमागे लग्न करीन, नाही करणार असं म्हणत नाही, पण या होकारावर नाही. पुलगावच्यांना येऊ नका म्हणून तू कळव. ते तुझ्या सासरच्या नात्यातले आहेत, तुला तोंड दाखवणं जड जाईल, भाऊजी चिडतील, हे सर्व मला समजतं. तरी तूच कळव. गावंड्यांचा नकार तू माझ्यापर्यंत येऊ दिला नाहीस. हा माझा नकार आहे, ताई, हा तरी पोचता कर.

छकुलीला गोड पापा. भाऊजींना या वेळी माझा नमस्कार सांगू नकोस.

कोकिळा