कोळीबाबांची सही

मंगळवार, १२ मार्च १९६८

डोकं तापलंय नुसतं. लिव्हरच्या पेशंटचं अक्षर बिघडलं की मेंदू गेला, म्हणजे माणूस गेला, हा आमच्या डॉक्टरांचा नियम. म्हणून रोज सही घ्यायची. आजच भरती झालेल्या खारदांड्याच्या कोळीबाबांनी कागदावर नुसत्या रेघोट्या ओढल्या. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस. घरी न्या." बाबांची बायको ओरडली, "अवो, त्याला लिवता येतंय कवा!" कोणी ऐकलं नाही. आणि मी सिस्टर असून तो कागद फायलीला का लावला? सही म्हणे! संध्याकाळी बाबांच्या हातात सुतळी दिली. त्यांनी कॉटच्या दांड्याला जाळ्याची गाठ मारली, झटकन, घट्ट. ती मी सोडलेली नाही. उद्या राउंडला विचारणार आहे, डॉक्टर, अशी गाठ मारून दाखवा. नाही जमली तर तुम्हालाही घरी पाठवू?